संगणकाची परीक्षा

मुलांनो, परीक्षा फक्त तुमचीच होते असे नाही. संगणकाचीही होते आणि कधीकधी ती एखादा खेळ घेतो.

सन २००७ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘क्रायसिस’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला. तो जर्मनीतील क्रायटेक या कंपनीने तयार केला होता. मूळच्या तुर्की घराण्यातील जेवात, आवनी आणि फारुक येर्ली या तीन भावांनी ही कंपनी काढली. या खेळात एक बेट आहे. बेटावर दाट जंगल आहे. गोळ्या लागल्या की झाडे मोडून पडतात. हे सारे दृश्य संगणकाला क्षणोक्षणी नव्याने काढावे लागते. त्या काळचे चांगले चांगले संगणकही या कामाने दमले. पुढे कितीतरी वर्षे, कोणी नवा संगणक घेतला की मित्र थट्टेने विचारीत, “यावर क्रायसिस चालतो का?”

“छान चालतो,” हे काही उत्तर नव्हे. ते मोजावे लागते. पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. अशा प्रत्येक चित्राला चौकट किंवा फ्रेम म्हणतात. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. पण त्या आधीच तयार असतात. खेळात तुम्ही कळ दाबता, मग पुढची चौकट तयार होते. सेकंदाला ३० चौकटी झाल्या तर खेळ बरा चालतो, ६० झाल्या तर सफाईने चालतो.

मोजताना प्रत्येक वेळी बेटावरची तीच वाट घ्यावी. बाकीचे प्रोग्राम बंद ठेवावेत. तीन-चार वेळा मोजावे आणि पहिली खेप सोडून द्यावी, कारण तेव्हा बरीच माहिती डिस्कवरून यायची असते.

आता वहीत एक हिशेब करा. एका सेकंदात ५९ चौकटींना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि एकाच चौकटीला ४१० लागले. एकूण १००० मिलिसेकंदांत ६० चौकटी झाल्या. कागदावर संगणक पहिल्या वर्गात पास! पण खेळणाऱ्याला विचारा. जवळजवळ अर्धा सेकंद त्याचे चित्र थिजले होते. म्हणून नुसती सरासरी सांगणाऱ्या दुकानदाराला सर्वांत संथ चौकटीही विचाराव्यात.

खेळ अडखळतो म्हणून वडिलांकडे लगेच महागडे ग्राफिक्स कार्ड मागू नका. आधी चित्राचे ठिपके कमी करून पाहा. १९२० गुणिले १२०० म्हणजे २३,०४,००० ठिपके. १०२४ गुणिले ७६८ म्हणजे फक्त ७,८६,४३२. ठिपके कमी करताच चौकटी वाढल्या, तर भार कार्डावर होता. त्या तेवढ्याच राहिल्या, तर मागे पडतो आहे तो बहुधा प्रोसेसर. नवे कार्ड आणूनही खेळ तसाच अडखळेल.

क्रायसिसचे तसेच झाले. प्रोसेसरचा एकेक गाभा पुढे फार वेगवान होईल, असे धरून तो रचला होता. प्रत्यक्षात वेगापेक्षा गाभ्यांची संख्याच जास्त वाढली. त्यामुळे पुढे कार्डे कितीतरी पटींनी बलवान झाली, तरी बेटावरच्या काही जागी नवे संगणकही अडखळत राहिले.