वास गेला, वायू नाही

स्लजच्या खड्ड्याचं झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास डोक्यात जातो आणि थोड्या वेळाने येईनासा होतो. अकोला-अमरावतीकडे सांडपाण्याच्या प्लांटवर काम करताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या वेळेची. मे महिना, वीज गेल्याने गाळ साचून राहिलेला, पंप चोक. सोबतचा पोरगा शिडीवर पाय ठेवून म्हणाला, "भाऊ, आता तं वास बी नाही रायला. उतरतो मी." त्याचा दंड धरून ठेवला आणि गॅस मीटर दोरीने खाली सोडलं. हायड्रोजन सल्फाइड झाकणापाशी नाममात्र, तळाशी 40 पीपीएमच्या वर. बांबूने गाळ जरासा ढवळला, तर आकडा 100 च्या पुढे पळाला.

नाक लवकर सरावतं, आणि 100 पीपीएमच्या आसपास तर वास घेणंच सोडतं. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. गाळात अडकलेला वायू पाय पडताच सुटतो. त्यामुळे आधी ब्लोअर लावा, वर-मध्ये-तळाशी मोजा, ढवळून पुन्हा मोजा. सल्फाइड 10 च्या वर किंवा ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा वायू अडवत नाही. खरं तर पंपच साखळीने वर ओढून घ्यावा, माणूस खाली जायलाच नको. साधनांशिवाय कोणाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. "नाही" म्हणायला भिऊ नका.

9 एप्रिल 2024 ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला तेवढा वाचला. खाली कोणी कोसळला तर मागे उडी घेऊ नका. पट्टा आणि दोर आधीच बांधलेला असेल, तरच त्याला वरून ओढता येतं.

वाळलेल्या गाळालाही हलकं समजू नका. आपल्याकडच्या उन्हात तो पापडासारखा तडकतो, पण त्यात जंतांची अंडी महिनोन्‌महिने टिकतात. हात साबणाने धुतल्याशिवाय खर्रा घोटू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. धनुर्वाताची लस चुकवू नका. आणि ताप, अंगदुखी आली तर गाळात काम करतो हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची तपासणी वेळेवर होईल.