घर बांधावें, पण गांवाचाही हिशेब करावा



घर बांधणारा मनुष्य विटा, लोखंड, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांचा हिशेब आधीं करतो. परंतु त्याच घरास उंबऱ्याबाहेर पाणी, गटार व रस्ता लागतो. त्याची किंमत कोणीं द्यावी? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथें आपल्याच गांवाच्या उदाहरणानें करणार आहों.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आश्रय मिळाला, आणि १९४९ सालीं ही वसाहत उल्हासनगर ह्या नांवानें स्थापन झाली. आपला कॅम्प पांच हा तिचाच एक भाग होय. २०११ च्या जनगणनेंत सुमारें १३ चौरस किलोमीटरच्या ह्या शहरांत ५,०६,०९८ लोक मोजले गेले. जमीन तेवढीच राहिली, माणसें वाढलीं. म्हणून घरें वर चढलीं.

आतां थोडें गणित करूं. एका बराकीच्या जागीं पांच कुटुंबें राहत होतीं व तेथें इमारत होऊन वीस झालीं असें समजा. प्रत्येक कुटुंबांत पांच माणसें आणि माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरलें, तर पूर्वीं ३,३७५ लिटर लागत, तेथें आतां १३,५०० लिटर लागतील. त्यापैकीं सुमारें आठ दशांश, म्हणजे १०,८०० लिटर, सांडपाणी होऊन वाहील. गटार मात्र पूर्वींचेंच!

हा वाढीव भार ओळखूनच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यांत १९९२ सालीं विकास शुल्काचें प्रकरण घालण्यांत आलें. बांधकामाची परवानगी घेणारानें तें द्यावें, व तें सार्वजनिक सोयींकडे लावावें, हा त्याचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, बांधणारा हें शुल्क घर घेणाराकडूनच वसूल करील. कांहीं अंशीं तें खरें आहे. परंतु शुल्क माफ केल्यानें खर्च नाहींसा होत नाहीं. तो शेजाऱ्याच्या माथीं बसतो. त्याच्या नळाची धार बारीक होते, आणि त्याला तर कोणीं विचारलेलेंही नसतें.

उल्हासनगरानें आणखी एक धडा दिला आहे. येथें परवानगीवांचून शेंकडों इमारती उठल्या व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. इमारती पाडाव्या तर असंख्य कुटुंबें उघड्यावर येणार. म्हणून २००६ सालीं ह्या शहराकरितां स्वतंत्र कायदा करून, ठरलेली रक्कम भरून बांधकामें नियमित करण्याची वाट काढण्यांत आली. रहिवाशांचा विचार करणें योग्यच होतें. तथापि आधीं घेतलेलें शुल्क आणि मागाहून घेतलेली रक्कम यांत मोठें अंतर आहे. दोन इमारतींमध्यें रस्त्यापुरतीही जागा उरली नसेल, तर ती पैशानें कोठून आणावी? पैसा उशिरां येऊं शकतो. जागा येत नाहीं.

म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. बांधणारानें गांवाचें देणें पाया खणण्यापूर्वीं द्यावें. आणि घेणाऱ्या संस्थेनें त्या पैशाचा पाइप, गटार व रस्ता लोकांस दाखवावा. आज घरीं जातांना आपल्या गल्लीची रुंदी पावलांनीं मोजा व तींतील घरें मोजा. हा पाठ तेथेंच पुरा होईल.