लेकराचा मुतखडा: खडा पडला तरी कारण शोधा

मुतखडा हा मोठ्या माणसांचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे लेकरू पोट धरून बसले की आधी जंताचे औषध दिले जाते, नाहीतर दृष्ट काढली जाते. त्यात महिने निघून जातात. पण मुतखडा पाच वर्षांच्या मुलालाही होतो. तो अडकून राहिला तर मूत्रपिंड कायमचे खराब होऊ शकते.

कसा ओळखाल? मोठे मूल बरगडीखाली एका बाजूला दुखते असे सांगते. कळ जांघेपर्यंत उतरते, उलटी होते. लहान मुलाला जागा सांगता येत नाही, ते नुसते 'पोट दुखतं' म्हणते. लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची होणे, लघवीला रडणे, थेंब थेंब होणे, लघवीत पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणे, याही खुणा आहेत.

दवाखान्यात लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, म्हणून मुलांसाठी ती पहिली. सी.टी. स्कॅन गरज पडली तरच करतात.

दुखण्यासोबत थंडी-ताप असेल, लघवी बंद झाली असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. खड्यामागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर जिवाला धोका असतो.

साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बरेचदा आपोआप पडतो. मोठा किंवा अडकलेला खडा ध्वनिलहरींनी फोडतात, किंवा दुर्बिणीने काढतात. वेदनेची गोळी मात्र मनाने देऊ नका, काही गोळ्या मूत्रपिंडाला अपायकारक असतात. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

खडा पडला म्हणजे आजार संपला, असे मुलांच्या बाबतीत धरू नका. तो पुन्हा होऊ शकतो. लघवी जुन्या गाळणीतून गाळा, सापडलेला खडा जपून ठेवा आणि तपासायला द्या. काही मुलांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जाते, काहींचा दोष आनुवंशिक असतो. आईवडिलांचे लग्न नात्यात झाले असेल, घरात कुणाला मुतखडा असेल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

दूध बंद करू नका. कमी करायचे ते मीठ: पापड, लोणचे, पाकिटातले खारे पदार्थ. पाणी दिवसभर थोडे थोडे पाजा. लघवी फिकट दिसली पाहिजे.

शाळेचे शौचालय घाण असते म्हणून आपल्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. घरी कितीही पाणी पाजले तरी हे भरून निघत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. पुढच्या बैठकीत चार आयांनी मिळून स्वच्छ शौचालय आणि पिण्याचे पाणी मागावे. तोही उपचारच आहे.