हृदयाचा बांध

पनवेलच्या खाडीकाठच्या खारजमिनींची रीत आमच्या विचुंब्याच्या वडील मंडळींस ठाऊक आहे. खारे पाणी अडविणारा मातीचा बांध नेहमी मोठ्या उधाणानेच फुटतो असे नाही. खेकडा त्यात बीळ पाडितो, भरतीचे पाणी झिरपू लागते आणि दुर्लक्ष झाले की खांड पडते. मग ते शेत पूर्ववत् पिकावयास कित्येक पावसाळे लागतात. बांधाची डागडुजी होते ती ओहोटीत, भरतीत नव्हे.

नीतिसूत्रांच्या ४ थ्या अध्यायातील २३ वे वचन अंतःकरण राखावयास सांगते, ते याच अर्थाने आम्ही घेतो. पेत्राने प्रभूस नाकारिले ते एका दासीच्या बोलण्यावरून; परंतु त्याआधी गेथशेमानेत जागृत राहण्याची घटका त्याने झोपेत घालविली होती. मत्तयाचा २६ वा अध्याय या दृष्टीने वाचावा.

विद्यार्थ्यांनी निजण्यापूर्वी स्वतःस पुसावे : आज कोणते वाक्य अर्धेच खरे बोललो? शेजाऱ्याच्या वहीतील गणित आपले म्हणून दाखविले काय? मात्र केवळ स्वतःकडे पाहत बसल्याने मन खिन्न तरी होते, नाही तर फुगते. (दुसरा विकार शाळांत अधिक!) यास्तव हाती वचनाचा दिवा असावा. ११९ व्या स्तोत्राची १७६ वचने आठ-आठांच्या २२ भागांत आहेत. रोज एक भाग मनन केल्यास २२ दिवस पुरतात. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून अवघे शास्त्र मराठीत आणण्यात आपली शेवटची वर्षे, १९२२ पर्यंत, वेचिली.

पालकांनी मुलांची झडती घेऊ नये; त्यांजसवे बसून आपली आठ वचने वाचावी.