बाळाची वाटी

अकलूज नीरा नदीच्या काठावर आहे. माळशिरस तालुक्यात कालव्याचे पाणी फिरले आहे. ऊस आहे, केळीच्या बागा आहेत, दावणीला गाय आहे. तरी आमच्या भागात वर्ष-दीड वर्षाची हडकुळी पोरे दिसतात. घरात अन्नच नसते, असे प्रत्येक वेळी नसते. अन्न असते, पण ते पोराच्या पोटात वेळेवर जात नाही.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा लागत नाही. पुढे ते एकटे पुरत नाही, म्हणून बरोबर मऊ अन्न सुरू करतात. आईचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावे. हे पुष्कळांना ठाऊक आहे. आजचा धडा त्यापुढचा आहे. पोर वर्षाचे झाले, चालू लागले. आता त्याला दिवसभरात काय द्यायचे? किती वेळा द्यायचे?

मोठी माणसे दोनदा जेवतात. पोराचे तेवढ्याने भागत नाही. त्याचे पोट लहान. एका वेळी पाऊण वाटी जाते, फार तर एक वाटी. बैलापुढे एकदा वैरण टाकली की तो रवंथ करीत बसतो. पोर रवंथ करीत नाही! दोन-तीन तासांत त्याला पुन्हा भूक लागते. म्हणून तीनदा जेवण आणि मधे दोनदा थोडे खाणे, असे पाच वेळा द्यावे.

आता तुम्ही म्हणाल, पाच वेळा चूल कोण पेटवणार? कोणी पेटवू नये. घरात शिजते तेच द्यायचे. तिखट घालण्याआधी पोराचे बाजूला काढायचे, एवढेच. ज्वारीची भाकरी तर आपल्या जिल्ह्यात घरोघर आहे. ताज्या भाकरीच्या कडा काढाव्यात. मऊ भाग वरणात कुस्करावा. वर चमचाभर तेल किंवा तूप सोडावे. वरणाचे वरचे पाणी पोराला देऊ नका, खालची डाळ द्या. पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला, जे घरात असेल ते शिजवून त्यातच घोटावे. मधल्या वेळेला केळे द्यावे. अंडे खाणाऱ्या घरात उकडलेले अंडे कुस्करून द्यावे.

एका आजीने मला सांगितले, "गुरुजी, पोरगं जेवतच न्हाई. भूकच मेली त्याची."

मी विचारले, "सकाळपासून काय काय दिलं, आजी?"

"काय न्हाई. चहा आन् बिस्किट. मग रडाय लागलं म्हणून पुन्यांदा बिस्किट."

म्हणजे भूक मेली नव्हती, ती बिस्किटाने मारली होती. बिस्किटात मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. पोट तात्पुरते गप्प बसते. चहाचे तर आणखी वाईट. भाकरीत आणि पालेभाजीत लोह असते. त्या लोहाने रक्त वाढते. चहा ते लोह अंगी लागू देत नाही. पोराच्या पापणीची आतली बाजू पाहा. ती लाल नसून पांढरट दिसली तर दवाखान्यात दाखवा. आणि दोन बिस्किटपुड्यांच्या पैशांत एक अंडे येते, हा हिशेब बाप्यांनीही करावा. पुडा बहुतेक वेळा तेच आणतात.

खरी अडचण दुपारची आहे. आई सकाळीच खुरपायला जाते. पोर आजीजवळ असते. सकाळचे वरण-भात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते. ते देऊ नये, जुलाब होतात. यासाठी घरात भाजलेले पीठ करून ठेवावे. दोन वाट्या ज्वारी आणि एक वाटी मूगडाळ वेगवेगळी भाजावी. एकत्र दळून कोरड्या डब्यात भरावी. दुपारी दोन-तीन चमचे पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून चांगले शिजवावे. गूळ आणि शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे. थोड्या वेळात ताजी, घट्ट खीर होते. म्हाताऱ्या माणसालाही जमते. बुरशी आलेले शेंगदाणे कधीही वापरू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा उसाचा तुकडा पोराच्या हाती देऊ नका. घशात अडकतो, श्वास कोंडतो.

ऊसतोडीला आलेल्या बायांचे हाल याहून जास्त. बीडकडून टोळ्या येतात. पहाटे कोयता घेऊन आई फडात जाते. कोपीवर सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. ती त्याला काय भरवणार? अशा मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालता येतात. परगावची म्हणून अडत नाही. ज्याच्या फडात टोळी उतरली आहे, त्या शेतकऱ्याने हे त्यांना सांगावे. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आज ती गावोगाव आहे. ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना तेथून घरी नेण्याचा आहार मिळतो. तो त्या मुलाचा असतो. पाच जणांत वाटला तर कोणाच्याच अंगी लागत नाही.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. ताई दंडाला रंगीत पट्टीही लावतात. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर पिवळा रंग येतो. ११.५ च्या खाली गेला तर लाल. लाल आला की उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

ताप-जुलाबात पोराला उपाशी ठेवण्याची चाल आहे. ती सोडा. थोडे थोडे, पण जास्त वेळा भरवा. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्तीची द्या. भरवण्याआधी साबणाने हात धुवा, आपले आणि त्याचेही. त्याची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटात जेवले तर किती खाल्ले ते कळत नाही. रागावून कोंबू नका. समोर बसून, बोलत बोलत भरवा. वेळ लागतो.

पाटीवर लिहा: काल आपल्या घरातल्या बाळाने सकाळी काय खाल्ले? दुपारी काय खाल्ले? ते कोणी भरवले? एकूण किती वेळा?