घरची स्वच्छता घरच्याच वस्तूंनीं

कोंकणांतील घराची झाडलोट पावसाच्या हिशेबानें चालते. कणकवलीच्या आसपास मृगापासून चार महिने भिंतींची ओल हटत नाहीं. आणि भाद्रपदांत गणपति घरीं येण्यापूर्वीं बुरशी खरवडणें, भिंती रंगविणें व भांडीं उजळणें हें काम घरोघर निघतें. त्यासाठीं हल्लीं बाजारच्या बाटल्या व पुड्या येतात. त्यांचा खर्च तर आहेच. पण शेतकऱ्यानें विचार करावयाचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या मोरीचें पाणी जातें कोठें? बहुधा माडाच्या अगर केळीच्या आळ्यांत, आणि तेथून जांभ्याच्या भेगांतून खालीं. जांभा सच्छिद्र आहे. विहीर जवळ असली कीं मोरींत ओतलेलें घागरींत परत येण्यास फारसा आडपडदा राहात नाहीं.

हा प्रश्न कणकवलीस नवा नाहीं. कै. आप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून आग्रह धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं गांधीजींनीं येरवड्यास उपोषण केलें. पुढें १९४८ सालीं आप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला; मैल्याचें खत करणारा तेथील संडास ‘गोपुरी संडास’ या नांवानें प्रसिद्ध झाला. घाण दृष्टीआड केली म्हणजे सफाई झाली असें नव्हे. ती निरुपद्रवी होऊन शेताच्या उपयोगीं पडली म्हणजे सफाई पुरी झाली, असा त्या कामाचा बोध आम्ही घेतों. त्याच कसोटीवर घरांतील नेहमींच्या वस्तू आपण तपासून पाहूं.

राख.— चुलींतील लांकडाची राख चाळून घ्यावी व नारळाच्या सोडणानें भांडीं घासावीं. राखेंत पालाशाचा क्षार असतो. तो तेलातुपाशीं मिळून थोडासा साबणच तयार करतो, म्हणून ओशटपणा सुटतो. भाताच्या तुसाची राख खरखरीत असते; तिनें करपलेलें बूड निघतें, पण कल्हईस ओरखडे पडतात. अल्युमिनियमला राखेचा क्षार खातो, सबब तीं भांडीं राखेनें घासूं नयेत. हें धुवण माडास चालतें. पालाश त्यास हवाच असतो, आणि आपल्या आंबट जमिनीस राख मानवते.

आमसुलें व चिंच.— सोलकढी करून उरलेलीं आमसुलें फेंकूं नयेत. त्यांतील आम्ल तांब्यापितळेवरचा काळा थर व हिरवा कळंक विरघळवितें. चिमूटभर मीठ लावून घासावें, लागलीच भरपूर पाण्यानें धुवावें व कोरडें पुसावें. बिंबलांनींही हेंच काम होतें. मात्र आंबट पाणी शहाबादी फरशीवर सांडूं देऊं नये. ती चुनखडीची असल्यानें तिची चकाकी जाते.

रिठे.— दहाबारा रिठ्यांचीं टरफलें दोन लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावीं, सकाळीं उकळून चोळावीं व गाळावीं. या फेंसानें लुगडीं, लोंकर, दागिने व लादी हीं सर्व स्वच्छ होतात. काढा टिकत नाहीं. दोनतीन दिवसांपुरताच करावा. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रिठ्याचा फेंस माशांस विषारी आहे. तें पाणी आळ्यांत जिरवावें. व्हाळांत अगर तळ्यांत सोडूं नये. झाडावर पिकलें म्हणून तें निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे.

चुना.— कळीचा चुना रुंद भांड्यांत घेतलेल्या पाण्यांत थोडाथोडा सोडून विरवावा. चुन्यावर एकदम पाणी ओतलें तर तो उसळून डोळा जाण्याची भीति असते. गाळून दोन पातळ हात द्यावे. हवेंतील कर्बवायु घेऊन तो पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारांत बुरशी जगत नाहीं.

शेण.— सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, आणि खळ्यास तर याहून सोयीचा उपाय नाहीं. परंतु शेणांत धनुर्वाताचें बीज असूं शकतें. बाळंतिणीच्या खोलींत ताजें सारवण करूं नये, मुलाच्या नाळेस शेण वा राख कधींही लावूं नये, आणि हातापायांस जखम असलेल्यानें सारवावयास बसूं नये. धनुर्वाताची लस वेळच्या वेळीं घ्यावी. जुनी रीत आपली म्हणून तिचा दोष झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

घरगुती वस्तूंची मर्यादाही सांगितली पाहिजे. राख व रिठा मळ काढतात. विहिरीचें पाणी निर्जंतुक करीत नाहींत. पावसाळ्यांत विहिरींत विरंजक चूर्ण टाकावयाचें तें योग्य प्रमाणांत टाकलेंच पाहिजे. पण तें चूर्ण आमसूल, चिंच, लिंबू अगर बाजारचें आम्ल यांशीं कधींही मिसळूं नये. त्यांतून निघणारा वायु बंद न्हाणींत जिवावर बेततो. तसेंच उंदरांच्या मूत्रानें पसरणारा ताप आपल्या भागांत पावसाळ्यांत उद्भवतो. त्यास खरा आळा कणगी व कोठार बंद ठेवण्यानें आणि खरकटें रोजच्या रोज खतखड्ड्यांत पुरण्यानें बसतो, सुवासिक बाटलीनें नव्हे.

२०१६ सालीं ग्रामीण स्वच्छतेच्या सरकारी पाहणींत सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांत सिंधुदुर्गास पहिलें स्थान मिळालें. तो मान टिकवावयाचा तर आरंभ मोरीपासून करावा. वाचकांनीं प्रथम एवढेंच करावें : घरांतील सांडपाणी कोणत्या वाटेनें जातें व तेथून विहीर किती हात आहे हें स्वतः मोजून पाहावें. अंतर थोडें असेल तर पाण्याची वाट फिरवून दूरच्या माडास द्यावी. याहून चांगली रीत कोणाच्या घरीं चालत असल्यास ती आम्हांस अवश्य कळवावी. इतर बांधवांस तिचा उपयोग होईल.