निमो घरी आणण्याआधी

‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट अमेरिकेत ३० मे २००३ रोजी प्रदर्शित झाला आणि हरवलेल्या पोरासाठी महासागर पालथा घालणारा बापमासा जगभरच्या मुलांचा लाडका झाला. चित्रपटातला पाणबुड्या निमोला ग्रेट बॅरिअर रीफवरून पकडतो आणि सिडनीतल्या एका दंतवैद्याच्या काचपेटीत आणून सोडतो. समुद्रातला मासा समुद्रातच राहू द्या, असं सांगणारी ही गोष्ट. पण पुढे वर्तमानपत्रांतून भलतंच छापून येऊ लागलं. सिनेमा पाहून घरोघरी नारिंगी मासा हवासा झाला आणि त्यापायी प्रवाळखडकांवरचे क्लाऊनफिश संपत चालले, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. या समजुतीला ‘निमो इफेक्ट’ असं नावही पडलं.

मुंबई-पुण्याच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत आजही मुलं ‘निमो आहे का?’ असंच विचारतात. क्लाऊनफिश म्हणणारं गिऱ्हाईक क्वचितच. दुकानदारही तयारच असतो. “जोडी घ्या, एकटा राहत नाही. डोरीपण आलीय, बघा.”

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मुलीच्या वाढदिवसासाठी आईवडील दुकानात गेले आणि दोन फुटी टँक, मिठाची पिशवी, दोन निमो आणि एक डोरी असं सगळं एकाच संध्याकाळी घेऊन आले. टँक आज लावून आजच मासे सोडले तर चालतील का, असं वडिलांनी विचारलं होतं. “बॅक्टेरियाची बाटली ओता, काही होत नाही,” असं उत्तर मिळालं. डोरीनं, म्हणजे सिनेमातल्या निमोच्या बापाबरोबर फिरणाऱ्या निळ्या माशाच्या जातीतल्या ब्लू टँगनं, पहिल्या दिवसापासून खाणं सोडलं. मग तिच्या निळ्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले, ती दगडाला अंग घासू लागली, कल्ले भराभर हलू लागले आणि एका सकाळी ती फिल्टरच्या नळीला चिकटलेली सापडली. निमो तिच्यामागोमाग गेले. “तुमचं पाणी खराब असेल,” एवढंच दुकानदार म्हणाला. पाणी खराब होतंच, पण त्याचं कारण त्याला दुकानातच ठाऊक होतं. नव्या टँकमध्ये माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो.

या हकिगतीतला दोष सिनेमाचा, असं म्हणायचा मोह होतो. पण आकडे तसं म्हणत नाहीत. मिलिट्झ आणि फोल या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘निमो इफेक्ट’ तपासून पाहिला. चित्रपटानंतर लगोलग समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनफिशची खरेदी वाढल्याचा फारसा पुरावा त्यांना सापडला नाही. २०१६ मध्ये ‘फाइंडिंग डोरी’ आला तेव्हाही तीच हाकाटी झाली. ऑक्सफर्डचे दिओगो व्हेरिसिमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरचा शोध आणि अमेरिकेतली ब्लू टँगची आयात या दोन्हींचे आकडे पडताळले. चित्रपटानंतर दोन-तीन आठवडे लोकांनी या माशाबद्दल भरपूर शोधाशोध केली, आयात मात्र वाढली नाही.

म्हणजे सिनेमांचा परिणामच होत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदणीवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गाजलेल्या चित्रपटातल्या जातीची मागणी पुढे दहा वर्षांपर्यंत वाढलेली राहू शकते, असं दिसलं. जावा आणि बालीतल्या पक्षीबाजारांत हॅरी पॉटरच्या लोकप्रियतेच्या काळात घुबडांची विक्री वाढल्याचंही संशोधकांनी नोंदवलं. आपल्याकडे २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी शहरी घरांतल्या घुबडाच्या हौसेचा संबंध हॅरी पॉटरशी जोडला होता. मासा मागे राहिला याचं कारण, मला वाटतं, खर्चात आहे. कुत्र्याचं पिल्लू उचलून घरी आणता येतं. समुद्री टँकला मीठ, पंप, दिवे, चोवीस तास वीज आणि रोजची देखभाल लागते. बहुतेकांची हौस मोबाइलवरच फिटते.

तरीही निश्चिंत व्हावं अशी परिस्थिती नाही, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. सगळं खापर सिनेमावर फोडलं की आधीपासून चाललेल्या व्यापाराकडे कुणी पाहत नाही. २००४-०५ च्या एका वर्षात एकट्या अमेरिकेत १ कोटी १० लाखांच्या आसपास समुद्री शोभेचे मासे आयात झाले. जाती सुमारे १,८०० होत्या आणि बहुतांश मासे फिलिपिन्स व इंडोनेशियातले होते. तिथे कित्येक ठिकाणी पाणबुडे प्लास्टिकच्या बाटलीतून सोडियम सायनाइड खडकाच्या फटीत फवारतात. गुंगी आलेला मासा हाती लागतो आणि आजूबाजूचं प्रवाळ मरतं. सायनाइडचा मासा दुकानात ठणठणीत दिसतो, घरी येऊन काही दिवसांत दगावतो. फिलिपिन्समधल्या सेबूजवळच्या पाहणीत जिथे मासेमारी जास्त, तिथे क्लाऊनफिश आणि त्यांना आसरा देणारी समुद्रफुलं दोन्ही कमी आढळली. समुद्रफूल गेलं की क्लाऊनफिशचं घरच गेलं. पाणी तापलं की प्रवाळाप्रमाणे समुद्रफुलंही पांढरी पडतात. तो घाव वेगळाच.

क्लाऊनफिशचं कुटुंबही समजून घेण्यासारखं आहे. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल तिचा नर आणि मग लहान नर अशी उतरंड असते. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि पुढचा नर त्याच्या जागी चढतो. त्यामुळे मोठा, देखणा मासा पकडून नेला की त्या फुलातली वीण काही काळ थांबते. संशोधकांच्या अंदाजानुसार समुद्रातला क्लाऊनफिश ३० वर्षांपर्यंत जगू शकतो. आपल्या टँकमध्ये तो किती टिकतो, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

सुदैवानं क्लाऊनफिश पैदास केंद्रात सहज वाढतो. मादी दगडावर अंडी घालते, नर त्यांची राखण करतो, आठवड्याभरात पिल्लं बाहेर पडतात आणि आधी रॉटिफर, मग आर्टेमिया हे बारीक जलजीव खाऊन मोठी होतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं भारतात ही पद्धत बसवली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची पैदास होते. ब्लू टँगचं मात्र तसं नाही. तिची अंडी खुल्या पाण्यात तरंगतात आणि पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांच्या तोंडात मावणारं अन्न पुरवणंच मुश्किल. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठानं पहिल्यांदा ती पैदास केंद्रात वाढवून दाखवली तेव्हा सुमारे ५०,००० अंड्यांतून २७ पिल्लं जगली. दुकानात दिसणारी डोरी बहुधा समुद्रातूनच आलेली असते. ती फूटभर वाढते. दोन फुटी टँकमध्ये तिला ठेवणं हा अत्याचार आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

तेव्हा घरात हट्ट सुरू झाला, तर आधी मत्स्यालय दाखवून आणा. पाळायचंच ठरलं, तर टँक लावून मासे न सोडता काही आठवडे चालवा, आणि अमोनिया-नायट्राइटची चाचणी शून्य आल्याशिवाय दुकानात जाऊ नका. पैदास केंद्रातलाच क्लाऊनफिश मागा. दुकानदाराला मासे कुठून आले ते सांगता आलं नाही, तर तिथून घेऊ नका. मासा पिशवीत भरण्याआधी त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. न खाणारा मासा नको. समुद्रफुलाचा आग्रह धरू नका, त्याच्याशिवायही क्लाऊनफिश टँकमध्ये नीट राहतो. खडक बनवणारं प्रवाळ आणि समुद्रघोडा तर मुळीच घेऊ नका. दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते विकणं जसा गुन्हा आहे तसंच घरी बाळगणंही.

आणि डोरी मागू नका. मागणी थांबली, तरच दुकानदार ती मागवायचं बंद करील.